म्हणजेकाका

मला हात दिला तो म्हणजेकाकांनी. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझी बाजू काही चांगली दिसणार नाही. वाचता वाचता कुणी मध्येच पान मिटलं, तर निदान एवढं तरी डोक्यात राहावं. माझं शिक्षण आठवीपर्यंत. लिहिण्यात काही कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या.

त्यांचं खरं नाव न्यू जर्सीतल्या आमच्या त्या भागात सगळ्या मराठी लोकांना ठाऊक होतं, पण हाक म्हणजेकाका अशीच. समोरचा माणूस एखादा मोठा शब्द बोलला की काका मान तिरकी करून विचारायचे, "म्हणजे?" चेष्टेने नाही. खरंच विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत हलायचे नाहीत. मंडळाच्या सभेत कुणी उभं राहून म्हणालं, "आपण इथे आपली संस्कृती जपली पाहिजे," की मागून यायचं, "म्हणजे?" सगळे हसायचे. बोलणारा घाम पुसायचा. एकदा एक पुण्याचा मुलगा, कंप्युटरवाला, त्यांना म्हणाला, "काका, सध्या मी बेंचवर आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे प्रोजेक्ट नाहीये हातात. पण कंपनीत आहे."

"म्हणजे पगार?"

"तसा नाही येत यार काका... सॉरी, काका."

"म्हणजे नोकरी गेली."

तो मुलगा पांढराफटक पडला. इतके दिवस त्याने स्वतःलासुद्धा ते सांगितलेलं नव्हतं. काका त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाप्पा, असं नाव घेतलं की निदान दुसरी शोधता येते." दुसऱ्या दिवशी त्याला घरी बोलावून त्यांनी अर्ज लिहायला मदत केली. पण लोकांनी गोष्ट सांगितली ती पहिल्या अर्ध्याचीच.

मी तिकडे गेले दोन हजार तीन साली. पुण्यात ज्यांच्याकडे पोर सांभाळायला होते, त्या साहेबांना अमेरिकेत नोकरी लागली आणि ताईंनी मलाही नेलं. माझा नवरा गाडीखाली गेला तेव्हा माझी पल्लवी दीड वर्षाची होती. तिला इस्लामपूरला बहिणीकडे ठेवून मी पुणं गाठलं होतं, आता पुण्याहून आणखी लांब. निघताना पल्लवी सातवीत होती. मी तिला म्हणाले, "दहावीच्या परीक्षेला मी तुझ्या केंद्राबाहेर उभी असेन." ती म्हणाली, "नक्की?" मी म्हणाले, "नक्की."

वेस्ट विंडसरला घर मोठं, थंडी मोठी, आणि माणूस दिसायचं नाही. ताई आणि साहेब सकाळी जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. दिवसभर मी आणि ताईंचा आर्यन. त्याच्याशी मी मराठीत बोलायचे, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा. मंगळवारी त्याला गावच्या वाचनालयात नेऊन सोडायचं, तिथे लहान मुलांना गोष्टी सांगत. पाऊण तास मी एका टेबलाशी अंग चोरून बसायचे. कुणी इंग्रजीत काही विचारू नये म्हणून समोर एक चित्रांचं पुस्तक उघडून ठेवायचे.

त्याच टेबलाशी खिडकीच्या बाजूला एक उंच म्हातारे गृहस्थ बसलेले असायचे. डोक्याला लोकरी टोपी, हातात भिंग, पुढे दोन जाडजूड शब्दकोश. मी आर्यनला म्हणाले, "शेंबूड पूस की रे बाळा," तर ते गृहस्थ एकदम हसले. म्हणाले, "किती वर्षांनी हा शब्द कानावर आला! बसा, बसा. कुठल्या तुम्ही?" मला त्यांनी अहोजाहो केलं. ताईंच्या घरी, ताईंच्या मैत्रिणींच्या घरी, सगळ्या अमेरिकेत मला अहोजाहो करणारं ते एकच माणूस. सुनंदाबाई म्हणायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं, दुसरी कुणी आली की काय म्हणून.

ते मूळचे नागपूरचे. तिकडे जाऊन पस्तीस वर्षं झालेली, पण घाईत बोलले की मध्येच 'का'च्या जागी 'काहून' निघायचं. काकू वारल्या होत्या, मुलगी शिकागोकडे शॉमबर्गला. घरी एकटे. रविवारी मराठी मुलांच्या शाळेत शिकवायचे, दहा पोरं होती, आणि ती दहा पोरं म्हणजे त्यांचा आठवडा होता. बाकी दिवस लोकांचे कागद. कुणाचे आईवडील आले, विम्याचा फॉर्म आला, डॉक्टरचं पत्र आलं, की काकांकडे.

कागद समजावण्याची त्यांची एक रीत होती. टपालाने येणाऱ्या जाहिरातींची पाकिटं ते जपून ठेवायचे. "या देशात कागद दारात फुकट येतो," म्हणायचे. त्या पाकिटांच्या मागच्या बाजूला पेन्सिलने मराठी लिहायचे, वाचून दाखवायचे, मग पाकीट उलटं करून म्हणायचे, "आता परत सांगा. तुमच्या शब्दांत." परत सांगता आलं नाही तर सही करू द्यायचे नाहीत. साठ-सत्तरीची माणसं त्यांच्यापुढे शाळकरी पोरांसारखी अडखळायची. एक आजी चिडून म्हणाल्या, "अहो, मला मेलीला काय करायचंय त्यातलं, मुलगा म्हणाला सही कर." काका म्हणाले, "मुलगा चांगला आहे. कागद चांगला आहे का ते बघू."

मलाही त्यांनी असंच इंग्रजी शिकवलं. मंगळवारी पाऊण तास. आधी अक्षरं, मग दुकानाच्या पाट्या, मग आर्यनच्या पुस्तकातली वाक्यं. दीड वर्षात मी हळूहळू वाचायला लागले. ताईंना सांगितलं नाही. सांगण्यासारखं वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर भीती वाटली.

दोन हजार पाचच्या दिवाळीआधी मी ताईंकडे पासपोर्ट मागितला. फेब्रुवारीत जायचं, मार्चमध्ये पल्लवीची दहावी. ताई भाजी चिरत होत्या. म्हणाल्या, "अगं, आत्ता कुठे? ह्यांचं ग्रीन कार्डचं चाललंय, त्यात काही गडबड नको. आणि तुझंही बघावं लागेल ना. तू बाहेर कामं केलीयेस. व्हिसाच्या अटी व्हायोलेट केल्यास तू. एअरपोर्टवर पकडलं तर आम्ही काय करणार?"

बाहेरची कामं म्हणजे पुरणपोळ्या. ताईंच्या मैत्रिणींकडे गणपती असला, डोहाळजेवण असलं, की ताई फोनवर म्हणायच्या, "अगं, सुनंदाला पाठवते की." मला गाडीतून सोडलं जायचं. मी सत्तर-ऐंशी पोळ्या लाटायचे. सगळ्या बायका म्हणायच्या, काय हात आहे हिचा! निघताना एखादी जुनी साडी हातात यायची. मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांची मी वाट पाहायचे. परक्या देशात आपल्या हाताचं कुणी मिटक्या मारत खातंय, यापेक्षा मला जास्त काय हवं होतं? त्याच पोळ्या आता माझा गुन्हा झाल्या होत्या.

पुढच्या मंगळवारी त्या टेबलाशी मी काकांना विचारलं, "काका, व्हायोलेट म्हणजे काय?"

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "कुठे वाचलात?"

"वाचलं नाही. मला म्हणाले."

त्यांनी पिशवीतून एक मोठं तपकिरी पाकीट काढलं. म्हणाले, "हा एका पाकिटात मावणारा शब्द नाही. बघू." आणि तीन मंगळवार आम्ही त्या एका शब्दापाशी बसलो.

पहिला लिहिला 'मोडणे'. म्हणाले, "हा आपला घरचा शब्द. नियम मोडतात, शब्द मोडतात, ठरलेलं लग्न मोडतात. उदाहरण द्या." मी म्हणाले, "पल्लवीला दिलेलं वचन. मोडेल आता." त्यांनी ते तसंच लिहिलं. मग 'भंग करणे'. म्हणाले, "हा मोठ्या लोकांचा. शपथेचा भंग होतो, शांततेचा होतो. तुमच्या झोपेचा भंग होत नाही, तुमची नुसती झोपमोड होते." मग 'उल्लंघन'. "हा सरकारी. ज्याने केलं त्याच्या अंगाला धूळ लागत नाही, असा शब्द." मग 'धाब्यावर बसवणे'. "माहीत असून, हसत हसत." याला मला लगेच उदाहरण सुचलं. साहेबांनी गाडीत पुढचा पोलीस कळायचं यंत्र बसवलं होतं, त्याला विचारून ते वेग ठरवायचे. काका इतके हसले की वाचनालयातल्या बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

मग म्हणाले, "सगळं मोडणं वाईट नसतं, हेही लिहून ठेवा. रूढी मोडतात. ती मोडावीच लागते, कुणीतरी." आणि शेवटी त्यांनी आणखी एक शब्द लिहिला आणि पाकीट माझ्याकडे फिरवलं. अत्याचार. "शब्दाला लाजायचं नाही. इंग्रजीत बाईवर कुणी हात टाकला तरी व्हायोलेट हेच क्रियापद आणि लाल दिवा ओलांडला तरी हेच. म्हणून तर कुणी हा शब्द तोंडावर फेकला की आधी विचारायचं, कशाचं? कुणी? कधी?"

तिसऱ्या मंगळवारी 'पायमल्ली' आला. "ही हक्कांची होते," ते म्हणाले. "उदाहरण?"

मी म्हणाले, "याचं नाही माझ्याकडे. मला कुठले हक्क असायला?"

त्यांनी पेन्सिल ठेवून दिली. मग विचारलं, "मुंबईला वकिलातीत तुम्ही एखाद्या कागदावर सही केली होती?" केली होती. ताईंनी बोट ठेवलं तिथे. त्याची एक प्रत माझ्या ट्रंकेत, आरतीच्या पुस्तकात घडी घालून होती. कागद फेकायचा नसतो एवढं मला माहीत होतं. ती मी पुढच्या खेपेला नेली.

काकांनी ती पाकिटावर मराठीत उतरवली. दिवसाला आठ तास काम. आठवड्याला सुट्टी. पासपोर्ट सुनंदाबाईंच्या स्वतःच्या ताब्यात राहील. दुसऱ्या कुणाकडे काम करणार नाही, आणि करायला लावलं जाणार नाही. खाली माझी सही आणि साहेबांची सही, शेजारी शेजारी.

"आता परत सांगा," काका म्हणाले.

मला सांगता आलं नाही. आर्यन गोष्ट संपवून आला आणि माझा पदर ओढायला लागला, "आय वाँट टू गो होम," आणि मी तशीच उठले.

जाताना मी त्यांना एक विचारलं होतं. "काका, जो नियम आपल्याला माहीतच नव्हता, तोही आपण मोडला म्हणायचा का?" ते म्हणाले, "कायदा हो म्हणतो. मी नाही म्हणतो. माझं कुणी विचारत नाही." मग, मी न विचारता, त्यांनी सांगितलं. तरुणपणी ते एका रसायनांच्या कारखान्यात होते, अपघात झाला की अहवाल लिहायचं काम त्यांच्याकडे. एका कामगाराचा हात भाजला, कोपरापर्यंत. त्यांनी अहवालात लिहिलं, कामगाराने नियमाचं उल्लंघन केलं. त्या माणसाला घरी पाठवलं गेलं. "पाटी इंग्रजीत होती. त्याला इंग्रजी येत नव्हतं. मला ते ठाऊक होतं, सुनंदाबाई. वाक्य शुद्ध होतं, म्हणून मी सही केली." एवढंच बोलून ते शब्दकोश पिशवीत भरायला लागले.

डिसेंबरात काका ताईंच्या घरी आले. मी चहा ठेवत होते, सगळं ऐकू येत होतं.

ताई म्हणाल्या, "काका, तुमचा गैरसमज होतोय. सुनंदा आम्हाला घरच्यासारखी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे... घरचीच हो."

"मग सुनंदाबाईंचा पासपोर्ट तुमच्या लॉकरमध्ये काहून?"

"आमचेही तिथेच आहेत! सेफ्टीसाठी."

"बरोबर आहे. लॉकरची किल्ली कुणाकडे?"

मग साहेबांचा आवाज आला. "काका, तुम्ही सीनियर आहात म्हणून ऐकून घेतोय. आमच्या घरातल्या मॅटरमध्ये तुम्ही पडू नका. उद्या बाहेर कळलं तर आपल्याच कम्युनिटीचं नाव खराब होईल."

"म्हणजे?" काका म्हणाले.

साहेबांनी दार उघडून धरलं. काकांचा चहा तसाच ओट्यावर राहिला, मी तो नंतर सिंकमध्ये ओतला.

काकांनी ट्रेंटनला मोफत सल्ला देणाऱ्या एका वकीलबाईंची वेळ घेतली. जानेवारीतला शेवटचा मंगळवार. वाचनालयात मला हळूच सांगितलं, "माझ्याबरोबर ट्रेनने यायचं. आर्यनलाही आणा. त्या तुमचा पासपोर्ट मागून घेतील. घाबरायचं नाही. त्या विचारतील तेवढं खरं सांगायचं." मी हो म्हणाले. पण रोज सकाळी उठले की एकच मनात यायचं. पोलीस येतील, मला खोलीत कोंडतील, मार्च निघून जाईल. पल्लवी फोनवर आता परीक्षेबद्दल बोलायचीसुद्धा बंद झाली होती.

त्याआधी संक्रांत आली. ताईंकडे दरवर्षी हळदीकुंकू असायचं, तीस-चाळीस बायका. दोन वर्षं मी ताटं भरली, तिळाच्या वड्या थापल्या, आणि बायका आल्या की स्वयंपाकघरात गेले. विधवा बाईने पुढे यायचं नसतं, हे मला कुणी सांगावं लागत नव्हतं. त्या वर्षी ताई आत आल्या, माझा हात धरला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ये गं. आता कोण मानतं हे सगळं?" त्यांनी मला पाटावर बसवलं. हळद लावली, कुंकू लावलं. माझी ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण. तेरा वर्षांनी कुणाचं बोट माझ्या कपाळाला लागलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या, एक-दोघींनी डोळे पुसले. मी रडले. मी ताईंच्या पाया पडले.

सगळ्या गेल्यावर ताई स्वयंपाकघरात आल्या. ओट्यावर माझा पासपोर्ट ठेवला, त्याच्यावर विमानाचं तिकीट. आणि शेजारी एक टाइप केलेला कागद.

"तू जा लेकीकडे. मला कळतं गं, मीही आई आहे. फक्त ही फॉरमॅलिटी. ह्यांच्या ग्रीन कार्डला उद्या कुणी अडथळा आणू नये, एवढंच. कर सही."

त्यांना वाटत होतं मला इंग्रजी वाचता येत नाही. मी वाचलं. कपाळावरचं कुंकू अजून ओलं होतं आणि काकांनी शिकवलेल्या एकेका अक्षरावरून मी बोट न लावता डोळे फिरवले. चार वाक्यं होती. मी माझ्या मर्जीने, घरच्यांना न सांगता बाहेर कामं केली. अटींचं उल्लंघन मी केलं. पासपोर्ट कायम माझ्याच ताब्यात होता. आणि चौथं, काकांचं पूर्ण नाव घालून, की या गृहस्थांनी मला एकटीला गाठून घरच्यांविरुद्ध भडकवलं आणि खोटं बोलायला सांगितलं.

चारही वाक्यं मला समजली. परत सांग म्हटलं असतं तर सांगता आली असती.

मी सही केली.

ट्रेंटनला मी गेलेच नाही, वाचनालयातही नाही. त्या पुढचं मी साहेबांच्या तोंडून ऐकलं. फेब्रुवारीत ते मला विमानतळावर सोडायला निघाले होते. गाडी चालवताना ते खुशीत होते. तो कागद त्यांनी मंडळाच्या सभेत वाचून दाखवला होता. "काकांना म्हटलं, बोला आता. तर नुसते बसून राहिले. लोक म्हणाले, एकट्या बाईला गाठतात म्हणजे काय, आपल्या मुलांना ह्यांच्याकडे कसं पाठवायचं? रविवारची शाळा काढून घेतली." मग आरशातून माझ्याकडे पाहून म्हणाले, "तू सही केलीस म्हणून बरं झालं हं सुनंदा. नाहीतर फार ताप झाला असता." मी खिडकीबाहेर पाहत होते. रस्त्याच्या कडेला बर्फाचे काळे पडलेले ढीग होते. मी तोंडातून एक शब्द काढला नाही. गाडीत तर नाहीच, त्यानंतरही नाही.

साहेबांनी मला दारातच उतरवलं आणि गेले. आत रांगेपाशी काका उभे होते. ते गाडी चालवायचे बंद झाले होते, ट्रेनने आले होते. मला कुठलं विमान, किती वाजता, हे त्यांना कुणी सांगितलं मला ठाऊक नाही. त्यांनी माझी बॅग उचलून काट्यावर ठेवली. काउंटरवरच्या मुलीशी माझ्या वतीने बोलले, खिडकीची जागा मागितली. मग आम्ही एका बाकावर बसलो.

"तुम्ही ज्याच्यावर सही केलीत," ते म्हणाले, "ते तुम्ही वाचलं होतं?"

मला नाही म्हणता आलं असतं. त्यांनी विश्वास ठेवला असता, आणि ताईंवर चिडून त्यांना थोडं हलकं वाटलं असतं.

"वाचलं होतं, काका. सगळं."

त्यांनी मान हलवली. "बरं. न वाचता केली असती तर माझं दीड वर्ष फुकट गेलं असतं."

ते रागावून बोलले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. जरा वेळाने म्हणाले, "पोरगी पेपर देऊन बाहेर आली की तिला कसा गेला म्हणून विचारू नका. आधी पाणी द्या." मी आत जाईपर्यंत ते त्या बाकावर बसून होते, टोपी मांडीवर ठेवून. त्यांचे केस किती विरळ झालेत ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

मी परीक्षेला पोचले. सगळ्याच पेपरांना केंद्राबाहेर उन्हात उभी राहिले, पाण्याची बाटली घेऊन. पहिल्या दिवशी पल्लवीने बाटली घेतली, पाणी प्यायली आणि मावशीकडे वळून म्हणाली, "मराठीचा बरा गेला गं." मला नाही, मावशीला. तिची चूक नाही. वचन पाळायला मी जे मोडलं ते तिला माहीत नाही, आणि तिने ते मोडायला सांगितलंही नव्हतं.

आता मी मस्कतला आहे, एका शाळेच्या उपाहारगृहात पोळ्यांच्या कामाला. घरापासून पुन्हा लांब. इथल्या करारावर मी स्वतः वाचून सही केली. पासपोर्ट माझ्या ट्रंकेत असतो, किल्ली माझ्या गळ्यात. कामावरच्या बाकी बायका कागद घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा मला फार शरम वाटते. त्यांना वाटतं मी हुशार आहे.

काका आता शॉमबर्गला मुलीकडे राहायला गेले आहेत, असं वेस्ट विंडसरच्या एका मावशींनी फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "काहीतरी भानगड झाली होती बाई त्यांची, तेव्हापासून बोलायचेच बंद झाले. तुला माहीत असेल ना?" मी म्हणाले, "नाही." दोन हजार आठ चालू आहे आणि मी अजून नाही म्हणते.

म्हणून हे लिहायला बसले. मराठीत लिहिणं त्यातल्या त्यात सोपं. पण ती सही इंग्रजी कागदावर आहे, तेव्हा ती परत घ्यायची तर इंग्रजीतच घ्यावी लागेल, कुणाच्या मदतीशिवाय, माझ्या अक्षरात. सुट्टीच्या दिवशी मी वही घेऊन बसते. त्या कागदातली पहिली तीन वाक्यं खोटी आहेत, हे लिहून झालं. चौथ्यापाशी हात थांबतो, कारण तिथे तुमचं नाव लिहावं लागतं. पण लिहीन. आणि काका, व्हिसा मिळो न मिळो, किती का वर्षं लागेनात, एक दिवस मी त्याच सभेत, त्याच माणसांसमोर उभी राहून माझा हा नवा कागद वाचणार आहे, आधी इंग्रजीत, मग मराठीत. माझ्याकडून तुम्हाला दुसरं काही देण्यासारखं नाही. तेवढं होईपर्यंत तब्येतीला जपा. थांबा माझ्यासाठी.